गावाचा पत्ता आणि डिरेक्टरीचे नाव : लिनक्सच्या फाइलरचनेचा पूर्वेतिहास

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे ठाणे जिल्ह्याचे खंड १८८२ साली प्रसिद्ध झाले. त्यांत कर्जत हा ठाणे जिल्ह्याचा तालुका असून खालापूर हा त्याचा पेटा आहे. पुढच्याच वर्षी निघालेल्या कुलाबा खंडात कर्जताला स्थान नाही. १९६४ च्या कुलाबा गॅझेटिअरमध्ये मात्र कर्जत कुलाब्यात आलेले दिसते. १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले आणि खालापूर तर आज स्वतंत्र तालुका आहे. कर्जत–मुरबाड रस्त्यावरचे कशेळे हे गाव या सर्व काळात आपल्या जागेवरून तसूभरही हलले नाही. तरीही त्याचा लेखी पत्ता प्रथम ठाणे–कर्जत–कशेळे, मग कुलाबा–कर्जत–कशेळे आणि शेवटी रायगड–कर्जत–कशेळे असा बदलत गेला. ज्या खरेदीखतावर 'जिल्हा कुलाबा' असे लिहिले आहे, ते खत जिल्ह्याच्या नामांतराने रद्द होत नाही. जुना पत्ता वाचून नव्या ठिकाणी पोहोचता आले पाहिजे, ही दफ्तराची जबाबदारी असते.

लिनक्स या मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिमच्या फाइलरचनेचा इतिहास पाहू लागल्यास नेमका हाच प्रश्न पुन्हापुन्हा समोर येतो. या रचनेतील मुख्य डिरेक्टऱ्यांची नावे (बिन, लिब, ईटीसी, यूएसआर, व्हार, टीएमपी, होम) पाठ्यपुस्तकांतून एखाद्या कोष्टकासारखी शिकवली जातात आणि प्रत्येकीपुढे तिचे 'कार्य' लिहिलेले असते. त्यामुळे ही मांडणी कोणी एका बैठकीत विचारपूर्वक आखली असावी, असा समज होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. ही नावे निरनिराळ्या काळांत, निरनिराळ्या निकडीपोटी पडली. त्यांचे अर्थ पुढे पालटले, काहींचे पार नाहीसे झाले, आणि तरीही ती टिकली. ती का टिकली, याचे उत्तर नावांच्या अर्थात सापडत नाही. पत्ता म्हणून त्यांचा जो वापर झाला, त्यात सापडते.

झाडासारखी शाखायुक्त फाइलरचना ही युनिक्सची मूळ कल्पना नव्हे. मल्टिक्स या प्रणालीसाठी डेली आणि न्यूमन यांनी १९६५ साली तिचे सविस्तर वर्णन केले होते. बेल प्रयोगशाळेने १९६९ मध्ये मल्टिक्समधून अंग काढून घेतल्यावर तेथील केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी पीडीपी-७ या लहान यंत्रावर जी प्रणाली उभारली, तीच पुढे युनिक्स म्हणून प्रसिद्ध झाली. रिची यांनी स्वतः लिहिलेल्या इतिहासात एक लक्षणीय तपशील आहे: त्या पहिल्या यंत्रावर डिरेक्टऱ्या होत्या, परंतु मुळापासून टोकापर्यंतचा सलग पत्ता लिहिण्याची सोय नव्हती. ज्या डिरेक्टरीत माणूस काम करीत असेल, तेथले साधे नाव तेवढे घेता येई. कशेळ्यात 'कर्जतला जातो' म्हटल्यावर कोणते कर्जत, असे कोणी विचारीत नाही. पण मंत्रालयात तेच नाव उच्चारले की जिल्हा सांगावा लागतो, कारण दुसरे कर्जत अहमदनगर जिल्ह्यात आहे, आणि त्या जिल्ह्याचेही २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले आहे. सलग पत्ता ही परक्याची गरज आहे. युनिक्सवर काम करणाऱ्यांची संख्या वाढली आणि पीडीपी-११ हे मोठे यंत्र आले, तसा तिरक्या रेघांनी जोडलेला सलग पत्ता रूढ झाला.

या रचनेचा गाभा मात्र आरंभापासूनच निराळ्या ठिकाणी होता. युनिक्समध्ये फाइल आणि तिचे नाव यांची फारकत केलेली आहे. फाइलचा आकार, मालक, तबकडीवरील तिच्या तुकड्यांच्या जागा हे सर्व एका क्रमांकित नोंदीत असते. या नोंदीला 'आय-नोड' म्हणतात, आणि तीत फाइलचे नाव नसते. नाव असते ते डिरेक्टरीत. आणि डिरेक्टरी म्हणजे नावे व त्यांच्यापुढील क्रमांक यांची यादी, याहून अधिक काही नाही. मराठी वाचकाला ही व्यवस्था परकी वाटू नये. गाव नमुना सातवर शेताचे स्थानिक नाव लिहिलेले असले, तरी जमीन ओळखली जाते ती भूमापन क्रमांकाने वा गट क्रमांकाने. केंद्र शासनाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतही प्रत्येक गावाला स्वतंत्र संकेतांक आहे. क्रमांक तोच राहतो, नाव आणि शाखा बदलू शकतात.

ही तुलना एका मर्यादेपलीकडे ताणता येत नाही, हेही सांगितले पाहिजे. गाव एका वेळी एकाच तालुक्यात असते. युनिक्सची फाइल मात्र दोन डिरेक्टऱ्यांत दोन नावांनी नांदू शकते, आणि त्या दोन नावांत मूळ कोणते व दुय्यम कोणते, असा भेद करता येत नाही. मराठ्यांच्या राज्यकारभारात याला जवळचा दाखला शोधायचाच, तर तो दुअंमली गावांचा: एकच गाव, दोन सत्तांच्या दफ्तरांत, दोन्हीकडे खरे. १९८३ साली बर्कले येथील युनिक्सने आणखी एक प्रकार रूढ केला. त्यात दुसऱ्या नावाखाली क्रमांक नसतो, पहिल्या नावाचा पत्ता लिहिलेला असतो. शब्दकोशात एखाद्या शब्दापुढे अर्थ न देता दुसरा शब्द लिहून 'पाहा' म्हणतात, तसाच हा प्रकार. याला सांकेतिक दुवा म्हणतात. पुढील कथानकात या 'पाहा'चे काम फार मोठे आहे.

आता नावांकडे वळू. सर्वांत बोधक उदाहरण यूएसआर या डिरेक्टरीचे आहे. वापरकर्ता या अर्थाच्या 'यूझर' शब्दातून स्वर गाळून हे नाव बनले. टंकयंत्रासारख्या संथ उपकरणावर एकेक अक्षर ठोकणाऱ्या माणसांची काटकसर त्यात दिसते. १९७१ च्या सुमारास या डिरेक्टरीत खरोखरच वापरकर्त्यांची घरे होती. केन थॉम्पसन यांचा पत्ता यूएसआर/केन असा होता. तिच्याखाली प्रोग्रामांची 'बिन' आणि सामायिक भागांची 'लिब' कशी आली, याचे कारण तबकड्यांच्या आकारात आहे. रिची आणि थॉम्पसन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांच्या यंत्राचे वर्णन आहे: दहा लाख बाइटांची एक स्थिर तबकडी आणि प्रत्येकी पंचवीस लाख बाइटांच्या काढता-घालता येणाऱ्या चार तबकड्या. आजच्या एका साध्या छायाचित्रालाही यांतली एखादी तबकडी अपुरी पडेल. रॉब लँडली या प्रोग्रामरने २०१० साली या घडामोडीचा जो वृत्तान्त मांडला, त्यानुसार प्रणालीचे प्रोग्राम पहिल्या तबकडीत मावेनासे झाले, तेव्हा ते दुसऱ्या तबकडीवर, म्हणजे वापरकर्त्यांच्या घरांशेजारी, ठेवण्यात आले, आणि मुळातल्या बिन व लिब यांच्या जुळ्या भावंडांसारख्या दुसऱ्या बिन व लिब तेथे निर्माण झाल्या. पुढे आणखी तबकडी मिळाली, तेव्हा घरे तिकडे हलली. प्रोग्राम मात्र तेथेच राहिले. पाहुण्यांनी ओसरी घेतली आणि घरधनी दुसरीकडे राहायला गेला, असा हा प्रकार. लँडली हे या घटनांचे साक्षीदार नव्हेत, म्हणून त्यांचा प्रत्येक तपशील प्रमाण मानण्याचे कारण नाही. पण तबकड्यांचे आकार आणि घरांचे जुने पत्ते या स्वतंत्र पुराव्यांशी त्यांचा वृत्तान्त जुळतो.

पुण्यातील लकडी पुलाचे लाकूड केव्हाच गेले, नाव राहिले. यूएसआरमध्ये आज एकाही वापरकर्त्याचे घर नाही. अशा वेळी भाषेत जे घडते तेच येथेही घडले: नावाला नवी व्युत्पत्ती जोडण्यात आली. ही तीन अक्षरे 'युनिक्स सिस्टिम रिसोर्सेस' या शब्दांची आद्याक्षरे आहेत, असे अनेक पुस्तके सांगतात. ही शुद्ध लोकव्युत्पत्ती होय. ईटीसीचेही तसेच. 'इत्यादी' या अर्थाच्या लॅटिन शब्दाचा हा संक्षेप. ज्या वस्तूंना अन्यत्र जागा नाही, त्यांची ही अडगळीची खोली. आरंभीच्या युनिक्समध्ये प्रणाली सुरू करणारा 'इनिट' आणि तबकडी जोडणारा 'माउंट' यांसारखे प्रोग्रामही येथेच असत. आज या डिरेक्टरीत केवळ यंत्राच्या मांडणीविषयीच्या लेखी सूचना असाव्यात, प्रोग्राम असू नये, असा नियम आहे. आणि त्या नियमाला साजेसे दीर्घ रूपही कोणीतरी या तीन अक्षरांना बहाल केले आहे. अशा व्युत्पत्त्यांची चेष्टा करणे सोपे आहे. परंतु मूळ अर्थ समाजाच्या स्मृतीतून पुसला गेल्याचा तो विश्वसनीय पुरावा असतो, म्हणून अभ्यासकाने त्या टाकून देऊ नयेत.

अर्थपरिवर्तनाचे जे प्रकार भाषाशास्त्रात शिकवले जातात, ते जवळजवळ सर्व या लहानशा शब्दसंग्रहात सापडतात. 'मृग' म्हणजे कोणतेही जनावर, ते पुढे केवळ हरीण झाले; त्याच मार्गाने ईटीसी 'काहीही' पासून 'सूचना' पर्यंत आक्रसली. तिळाचे ते तैल, आज कशाचेही तेल. तद्वत 'बिन' हे नाव यंत्राच्या द्विमान संकेतातील प्रोग्रामांवरून पडले आणि आज तीत माणसाला वाचता येणाऱ्या मजकुराचे प्रोग्रामही बिनदिक्कत राहतात. खुद्द मराठी दफ्तरखान्याचे शब्द याच वाटेने गेलेले आहेत. कातडे या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून फारसीमार्गे आलेले 'दफ्तर' हे कागदांचे, मग कचेरीचे, आणि अखेर शाळकरी मुलाच्या पाठीवरचे झाले. तोंड पुसण्याचा 'रुमाल' पुणे अभिलेखागारात कागदांच्या गठ्ठ्याचे परिमाण आहे.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकी येथे लिनक्सचा गाभा लिहिला, तेव्हा त्यांनी हा सारा शब्दसंग्रह वारशाने घेतला. पण वारस अनेक होते. स्लॅकवेअर, डेबियन इत्यादी वितरणसंच १९९३ च्या सुमारास निघाले आणि प्रत्येकाची मांडणी थोडी वेगळी होऊ लागली. एका संचासाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्यावर आपली सूचनापत्रे शोधत भटकू लागला. या गोंधळातून त्याच वर्षी फाइलरचनेच्या प्रमाणीकरणाचा उपक्रम सुरू झाला, आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये डॅनियल क्विनलन यांच्या पुढाकाराने पहिले प्रमाणपत्रक निघाले. त्याचीच पुढील रूपे 'फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्ड' या नावाने १९९७, २००४ आणि २०१५ मध्ये आली.

प्रमाणपत्रकाचे स्वरूप व्याकरणासारखे आहे. जे रूढ होते त्याचे त्याने वर्णन केले, आणि वर्णन करताकरताच ते नियम झाले. त्यातील सर्वांत उल्लेखनीय भाग म्हणजे दोन निकष: फाइल स्थिर आहे की चल, आणि ती अनेक यंत्रांना सामायिक करता येते की एकाच यंत्रापुरती आहे. यूएसआर स्थिर व सामायिक. ईटीसी स्थिर पण त्या यंत्रापुरती. चालू नोंदी, टपाल, छपाईची रांग हे सर्व चल, म्हणून व्हारमध्ये. हे तत्त्व नंतर सुचलेले आहे, हे विसरू नये. १९७१ मध्ये तबकडी भरली म्हणून जे झाले, त्याला १९९४ मध्ये तात्त्विक अधिष्ठान मिळाले. चल आणि स्थिर यांचा भेद मात्र कोणत्याही मोठ्या दफ्तराला करावाच लागतो. पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात चालू व्यवहारांचे 'चालते दफ्तर' आणि जमा झालेल्या हिशेबांचे वर्गीकरण करून गोषवारे ठेवणारे 'एकबेरीज दफ्तर' असे दोन विभाग होते. एकाचा दुसऱ्यावर प्रभाव असण्याचा अर्थातच प्रश्न नाही; सारख्या गरजेतून सारखी विभागणी झाली, इतकेच.

बिन आणि यूएसआर/बिन हे जुळेपण मात्र नव्या तबकड्यांच्या काळात निरर्थक ठरले. यंत्र सुरू होताना लागणारे प्रोग्राम मुळाजवळच्या बिनमध्ये आणि उरलेले दुसरीकडे, असे समर्थन दिले जाई. पण सुरुवातीच्या टप्प्यासाठी लिनक्सने निराळी सोय केल्यावर तेही लटके पडले. २०१२ साली फेडोरा या संचाने आपल्या १७ व्या आवृत्तीत दोन्हींचे एकत्रीकरण केले: सर्व प्रोग्राम यूएसआर/बिनमध्ये, आणि जुन्या बिनच्या जागी केवळ 'पाहा' म्हणणारा सांकेतिक दुवा. जुने नाव सरळ पुसून का टाकले नाही? कारण असंख्य लहान प्रोग्रामांच्या पहिल्याच ओळीत त्यांचा अर्थ लावणाऱ्या प्रोग्रामचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, आणि तो बहुधा बिनमधला असतो. हे प्रोग्राम जगभर पसरलेले आहेत; त्यांचे लेखक कोण, कुठे, याची नोंद कोणाकडेही नाही. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी मराठीतील व्युत्पत्तिमूलक अनुस्वार काढून टाकले, तेव्हाही छापून झालेली ग्रंथसंपदा कोणी परत मागवली नाही. पुढे महामंडळाला वेगळा नियम करून चिपळूणकरपूर्व गद्य आणि केशवसुतपूर्व पद्य मूळ लेखनाप्रमाणेच छापावे, असे ठरवावे लागले.

डेबियनमध्ये हेच स्थित्यंतर अतिशय कष्टाचे ठरले, आणि त्याचे कारण इतिहासाच्या विद्यार्थ्याने मुद्दाम समजून घेण्यासारखे आहे. डेबियनचा संचव्यवस्थापक प्रत्येक फाइलची नोंद तिच्या लेखी पत्त्यावरून ठेवतो. बिनमधील अमुक आणि यूएसआर/बिनमधील अमुक या त्याच्या लेखी दोन निरनिराळ्या वस्तू. दुव्यामुळे त्या प्रत्यक्षात एकच झाल्या आहेत, हे त्याच्या वहीत कोठेच नाही. समजा, एक प्रोग्राम नव्या आवृत्तीत एका संचातून दुसऱ्या संचात गेला आणि त्याच वेळी त्याचा पत्ताही बदलला. व्यवस्थापक नव्या पत्त्यावर नवी फाइल ठेवतो आणि मग जुन्या संचाच्या वहीतील जुना पत्ता पुसायला जातो. तो पत्ता दुव्यामार्गे नव्याच फाइलवर नेतो, आणि नुकतीच ठेवलेली फाइल नाहीशी होते. वही बरोबर, कृती नियमानुसार, आणि वस्तू गायब! एकच गट दोन गावांच्या वह्यांत चढला तर काय अनर्थ होतो, हे महसुली कज्जे चाळणाऱ्यास सांगावयास नको. २०१९ च्या १० व्या आवृत्तीत नव्या यंत्रांसाठी एकत्रित मांडणी आली. २०२१ मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीने पुढे फक्त तीच मांडणी मान्य राहील असा निर्णय दिला. आणि २०२३ च्या १२ व्या आवृत्तीत ती सक्तीची झाली. अर्ध्या शतकापूर्वी एका प्रयोगशाळेतील तबकडी भरल्याचा हिशेब असा मिटवावा लागला. ब्राझीलमध्ये निघालेल्या गोबोलिनक्सने या शतकाच्या आरंभी याहून धीट प्रयोग केला होता: जुनी नावे दृष्टीआड करून 'प्रोग्राम्स', 'यूझर्स' अशी सरळ नावे. पण पडद्यामागे जुन्या पत्त्यांचे दुवे त्यालाही ठेवावे लागले.

भारतात प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅकने) २००७ मध्ये 'बॉस' हा संच काढला. त्याचा पाया डेबियनचा असल्याने बॉस बसवलेल्या यंत्रावर पडद्यावरची भाषा मराठी असली, तरी मुळाशी यूएसआर आणि ईटीसीच असतात. यात भाषिक वर्चस्वाचा भाग नाही असे नव्हे. पण या नावांचे भाषांतर न होण्याचे कारण व्याकरणात अधिक आहे. ती आता सामान्यनामे उरलेली नाहीत, विशेषनामे झाली आहेत. 'वडगाव' या नावाचे भाषांतर कोणी करीत नाही. वापरकर्त्याच्या स्वतःच्या घरातील डिरेक्टऱ्यांची गोष्ट वेगळी. कागदपत्रे, चित्रे, उतरवून घेतलेल्या फायली यांच्या डिरेक्टऱ्यांची नावे लिनक्सच्या अनेक मांडण्यांत निवडलेल्या भाषेत पडतात आणि कोणत्या कार्यासाठी कोणते नाव, याची जोडी एका लहानशा सूचनापत्रात लिहिली जाते. प्रोग्राम नाव न पाहता कार्य पाहतो. हीच दूरदृष्टी १९७१ मध्ये असती, तर पुढचा पुष्कळ त्रास वाचला असता.

देवनागरी नाव मुळात शक्य झाले, तेही युनिक्सच्या एका जुन्या उदासीनतेमुळे. फाइलच्या नावात तिरकी रेघ आणि शून्य बाइट एवढे दोनच वर्ज्य. बाकीचे बाइट कोणत्या लिपीचे, याची चौकशी प्रणाली करीत नाही. थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये यूटीएफ-८ हा संकेत रचला, तेव्हा या दोन बाइटांना धक्का लागणार नाही अशी काळजी घेतली. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह त्यात तीन बाइट घेते. 'कशेळे' या नावात क, श, एकाराची मात्रा, ळ आणि पुन्हा मात्रा अशी पाच चिन्हे, म्हणजे पंधरा बाइट. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलरचनेत नावाची मर्यादा २५५ बाइटांची. रोमन लिपीत २५५ अक्षरे बसतात, तेथे देवनागरीची ८५ चिन्हे.

या उदासीनतेची दुसरी बाजूही आहे. 'डिरेक्टऱ्या' या शब्दातील ऱ एकसंध चिन्ह म्हणून लिहिता येतो, किंवा र आणि खालचा बिंदू अशा दोन चिन्हांनी. युनिकोडच्या मते ही दोन्ही लेखने समतुल्य आहेत. लिनक्स मात्र सर्वसाधारणपणे बाइटच मोजतो, म्हणून एकाच डिरेक्टरीत दिसायला तंतोतंत सारख्या नावांच्या दोन फायली सुखाने नांदू शकतात आणि शोधणाऱ्याला त्यांतली एकच सापडते. मराठी कागदपत्रांचे संगणकीय संग्रह करणाऱ्यांनी नावे प्रथम एका रूपात आणून घेणे अवश्य आहे. तीच गोष्ट अनुक्रमाची. युनिकोडने इस्की या भारतीय मानकाचा क्रम घेतला, त्यात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो. मराठी वर्णमालेत तो ह नंतर आहे. कर्जत तालुक्यातील कडाव, कशेळे आणि कळंब या तीन गावांच्या फायली निव्वळ बाइटांच्या क्रमाने लावल्या, तर कडाव, कळंब, कशेळे अशी यादी मिळते. वर्णमालेप्रमाणे लावणारा कारकून कळंब शेवटी ठेवील.